खैरनार आप्पांची सहाची फेरी

वाल्मीक भिका खैरनार हे नाव आमच्या हजेरीपटावर दोन हजार एकच्या जूनमध्ये चढलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की हे गृहस्थ दिवाळी काही बघत नाहीत. माझी भाकितं सहसा अशीच असतात, ठाम आणि चुकीची.

अंबडच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका शेडच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे बावीस माणसं, एकोणीस संगणक, एक जनरेटर आणि खालून दिवसभर येणारी लेथची कुरकुर. मालक कुंदन मंडलिक. पुण्यात आणि मग तीन वर्षं अमेरिकेत नोकरी करून ते नाशिकला परतले होते. आपल्या गावच्या पोरांनी कामासाठी पुण्याची एसटी का धरावी, हा त्यांचा सवाल होता आणि त्याचं उत्तर म्हणून त्यांनी आम्हाला जमवलं होतं. मी त्यातली पहिल्या पाचातली. प्रतिभा माळोदे, मखमलाबादची. घरी शेवंती आणि झेंडू. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

खैरनार ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन आले होते. तेहतीस वर्षं तिथे, त्यातली शेवटची बरीचशी तपासणी खात्यात. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे बोलण्यात मधूनच अहिराणी. उंच, काटकुळे, शर्टाला कडक इस्त्री आणि खिशात नेहमी पेन्सिल. जनरेटर, बॅटऱ्या, पाण्याचा कूलर आणि कंपनीची जुनी मारुती व्हॅन सांभाळायला कुंदन सरांनी त्यांना ठेवलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या संगणकाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "यामा पाना कुठं लागतो?" मी म्हटलं, "लागत नाही." "मग चुकलं तर उघडता कसं?" यावर आम्ही सगळे हसलो. आठवड्याभरात त्यांचे आप्पा झाले.

आता गाढवाबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना माझी मान खाली जाते, कारण ते गाढव मीच आणलं होतं.

मातीचं होतं, वीतभर, रंगवलेलं, एक कान किंचित मोडका. गंगाघाटावरच्या एका खेळणीवाल्याकडून घेतलं होतं. नियम असा की ज्याच्या कामातली चूक ग्राहकाकडून परत येईल त्याच्या टेबलावर गाढव बसणार, आणि दुसऱ्या कोणाची चूक येईपर्यंत ते तिथेच राहणार. सुरुवातीला मजा वाटायची. टाळ्या पडायच्या, एकदा तर हारही घातला होता. कुंदन सरांनाही गंमत वाटली. म्हणाले, याने कामात चुरस येईल.

चुरस आली, पण लपवण्यात. माणसं चूक सापडली की आधी इकडेतिकडे बघायची, मग गुपचूप दुरुस्त करायची आणि दुरुस्त झाली नाही तर देवाला हात जोडायची. सिन्नरचा रोहित म्हणून एक मुलगा होता, कामाला हुशार आणि स्वभावाने अगदीच मऊ. त्याच्याकडे गाढव सलग तीन आठवडे मुक्कामाला राहिलं, कारण त्या तीन आठवड्यांत बाकीच्यांनी आपापल्या चुका गिळल्या. सकाळी सिन्नरच्या जीपमधून उतरला की तो आधी रस्त्याच्या कडेला ओकायचा, मग जिना चढायचा. हे मला खालच्या शेडच्या वॉचमनने सांगितलं. मी काय म्हणाले? "त्याला ॲसिडिटी आहे." एका सोमवारी रोहित आला नाही. मग कधीच आला नाही. त्याच्या वडिलांनी फोनवर एवढंच सांगितलं की पोरगा खोलीतून बाहेर येत नाही. त्या वेळी मानसिक आरोग्य वगैरे शब्द रविवारच्या पुरवणीत छापून यायचे. आमच्याकडे एकच शब्द होता, टेन्शन, आणि त्यावरचं औषध म्हणजे चहा.

रोहितच्या वडिलांचा फोन आला त्या संध्याकाळी आप्पांनी त्याच्या रिकाम्या टेबलावरचं गाढव उचललं आणि विचारलं, "हे काय शे?" मी नियम समजावून सांगितला, जरा कौतुकानेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाढव स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "काल जनरेटरमधलं डिझेल बघायचं राहिलं मना कडून. चूक मनी. आता हे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या ललितच्या कामातली एक चूक ग्राहकाने कळवली. ललित उठून गाढव आणायला गेला, बिचाऱ्याचं तोंड पडलेलं. आप्पा म्हणाले, "थांब. तुझी चूक अकराला आली ना? साडेअकराला मी बॅटरीत पाणी घालायचं विसरलो. माझी नवी शे." पुढच्या वेळी व्हॅनच्या चाकात हवा कमी निघाली. त्याच्या पुढच्या वेळी कूलरचा नळ ठिबकत राहिला. महिनाभर हे चाललं. कोणाचीही चूक आली की त्यानंतर पाच-दहा मिनिटांत आप्पांची एक ताजी चूक तयार असायची. बॅटरीत पाणी पुरेसं होतं, मी स्वतः बघून आले. नळही ठिबकत नव्हता. मी एकदा चिडून म्हटलंच, "आप्पा, हे खोटं आहे. तुम्ही काहीही चुकलेला नाही." ते म्हणाले, "तेहतीस वर्षांत जेवढ्या कबूल करायच्या राहिल्या तेवढ्या आता करतोय. तुला काय त्रास व पोरी?" मी रागावले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. गाढव मात्र त्यांच्या टेबलावरून पुन्हा कधी हललं नाही. हळूहळू आप्पा त्यात पेन्सिली ठेवायला लागले, मोडक्या कानाच्या भोकात.

त्याच सुमाराला त्यांनी सहाची फेरी सुरू केली. संध्याकाळी सहा वाजता आप्पा हातात थर्मास घेऊन निघायचे आणि प्रत्येक टेबलाशी थांबून एकच प्रश्न विचारायचे, "आज काय हरवलं?"

हा प्रश्न कारखान्यातला होता. एकदा चहाच्या वेळी त्यांनीच सांगितलं. तिथे हत्यारांचा एक फळा असतो. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पेचकसाची आकृती फळ्यावर रंगवलेली असते आणि पाळी संपताना प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत टांगायचं. एक जरी आकृती मोकळी दिसली तरी विमान जागचं हलत नाही. पेचकस विमानाच्या पोटात राहिला असेल तर? "मग," ललितने विचारलं, "ज्याने हरवला त्याला काय शिक्षा?" "जो आपणहून सांगतो, 'माझा पेचकस सापडत नाही', त्याला शिक्षा नाही. सगळे मिळून शोधायचं. शिक्षा लपवणाऱ्याला. कारण सांगणारा घाबरला, तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही, आणि मग वर जो बसलाय ना, तो पडंल." स्वतः आप्पांनी एकदा अर्धा दिवस अख्खी टोळी कामाला लावली होती आणि पेचकस शेवटी त्यांच्याच डब्याच्या पिशवीत निघाला. त्यांच्या साहेबांनी काय केलं? चहा पाजला.

तर सहाची फेरी. पहिले काही दिवस पोरांनी थट्टा केली. "आज काय हरवलं?" "झोप, आप्पा." "आज काय हरवलं?" "गर्लफ्रेंड." आप्पा त्यालाही "सापडंल" म्हणून पुढे जायचे. मग एक दिवस निकिताने, ती तेव्हा नवीन होती, हळूच सांगितलं की तिने सकाळी एक चुकीची फाईल ग्राहकाला पाठवली आहे. आप्पांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिला दिला, ललितला हाक मारली, म्हणाले, "हिचं हरवलंय, शोधा." दोघांनी बसून वीस मिनिटांत दुरुस्त केलं. ग्राहकाला स्वतःच फोन करून कळवलं. काहीही आकाश कोसळलं नाही. त्यानंतर लोक सांगायला लागले. आधी छोटं, मग जरा मोठं. कोणी काम सोडून घरचंही सांगायचं, की आई आजारी आहे, डोकं चालत नाही. आप्पा ते कुठेही लिहून ठेवत नसत. खिशातली पेन्सिल तशीच राहायची. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं निम्मं काम दुसऱ्याकडे गेलेलं असायचं, म्हणजे त्यांनी कुंदन सरांच्या केबिनमध्ये जाऊन काहीतरी केलेलं असायचं. ऑफिसात हसण्याचा आवाज पुन्हा येऊ लागला. सर मला एकदा म्हणाले, "ग्राहकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, प्रतिभा. काय केलं आपण?" मी म्हटलं, "आपण काही नाही केलं."

मी मात्र दीड वर्षात त्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं. "काही नाही." कारण मी गाढव आणणारी. माझं काही हरवत नसतं.

हरवलं दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत.

द्राक्षांची निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउससाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. शेतकरी कोणत्या तारखेला कसली फवारणी केली ते डायरीत लिहितो. ती डायरी पॅकहाउसच्या संगणकात भरायची. शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस पूर्ण झाले की प्रोग्रॅम त्या बागेपुढे 'काढणीस योग्य' असं छापतो. मग माल तोडायचा, पेट्या भरायच्या, कंटेनर बंदराकडे. त्या दिवसांआधी तोडला तर औषधाचा अंश फळात राहतो. सोपं काम, आणि मी ते गर्वाने केलं होतं.

अठरा तारखेला, मंगळवारी, दुसरं काहीतरी बघताना पॅकहाउसकडून आलेल्या यादीत मला एक फवारणी दिसली, दोन ऑगस्टची. ऑगस्ट यायला अजून साडेपाच महिने होते. दोन मिनिटांत सगळं कळलं. पॅकहाउसने महिन्याच्या सुरुवातीला नवीन संगणक घेतला होता आणि त्यात तारखा अमेरिकन पद्धतीच्या होत्या, आधी महिना मग दिवस. शेतकऱ्याने लिहिलं आठ दोन, म्हणजे आठ फेब्रुवारी. संगणकाने वाचलं दोन ऑगस्ट. आणि मी, शहाणीने, प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं की पुढची तारीख दिसली तर ती टायपिंगची चूक समज आणि ती फवारणी सोडून दे. म्हणजे आठ फेब्रुवारीची फवारणी झालीच नाही, शेवटची जानेवारीतली, बाग काढणीस योग्य. अशा अकरा बागा होत्या. याद्या शेतकऱ्यांच्या हातात पोचून तीन दिवस झाले होते.

माझ्याशिवाय हे कोणालाही माहीत नव्हतं.

मी काय केलं ते सांगते, कारण अजूनही लाज वाटते. तासाभरात प्रोग्रॅम दुरुस्त केला, फ्लॉपीवर घेतला आणि ठरवलं की शनिवारी नेहमीच्या भेटीला जाईन तेव्हा चुपचाप बदलून येईन, नवीन याद्या छापीन, म्हणीन की प्रिंटर बिघडला होता. बुधवारी पॅकहाउसला दुसऱ्याच निमित्ताने फोन केला तेव्हा कळलं की त्यातल्या तीन बागा शुक्रवारी सकाळी तोडणार आहेत. मी फोन ठेवला आणि गप्प बसले. मनाशी म्हटलं, नमुना तपासतात त्यात सापडेलच असं नाही. माझा बाप तोंडाला फडकं बांधून शेवंतीवर फवारणी करतो, त्या रात्री त्याला भाकरीची चव लागत नाही, हे बघत मी लहानाची मोठी झाले. आणि मी असं म्हटलं.

डबा दोन दिवस तसाच परत गेला. आईने विचारलं तर तिच्यावर खेकसले.  संगणकासमोर बसलं की रस्त्याच्या कडेला वाकलेला रोहित आठवायचा. मंगळवारी आप्पा आले, "आज काय हरवलं?" "काही नाही." बुधवारी आले. "काही नाही." गुरुवारी सहा वाजता आले आणि मी उत्तर दिलं नाही. आप्पांनी थर्मास माझ्या टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसले.  त्यांच्या टेबलाकडे माझी नजर गेली, पेन्सिली खोवलेल्या त्या गाढवाकडे, आणि माझ्या तोंडून निघालं, "मोठं आहे आप्पा. ते गाढवावर मावणार नाही."

"किती मोठं?"

मी सांगितलं. सांगताना रडले, आणि मी ऑफिसात रडणारी बाई नव्हे. आप्पांना तारखांचं गणित निम्मंच कळलं असेल, पण शेवट बरोबर कळला. "उद्या सकाळी तोडणार?"

"हो."

"चल मग सायबाकडे. मी शेजारी बसतो. बोलायचं तूच."

कुंदन सर भडकले. भडकणारच. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मंगळवारी सापडलं आणि आज गुरुवार आहे? दोन दिवस तू काय करत होतीस, प्रतिभा?"  आप्पा खुर्चीत बसूनच म्हणाले, "साहेब, तो प्रश्न उद्या विचारा, मी पण विचारीन. आज विमान अजून जमिनीवर शे."  सर बसले, त्यांनी फोन उचलला आणि पॅकहाउसला लावला. मला म्हणाले, "बोल तू." मी बोलले. पलीकडचे मॅनेजर आधी ओरडले, मग घाबरले, मग म्हणाले, "बरं झालं बाई, आज सांगितलंत." फोनवर कोणी माझ्या चुकीला 'बरं झालं' म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.  

दोन शेतकरी त्यांना फोनवर सापडले. तिसऱ्याचा, जानोरीच्या पुढे वस्तीवर राहणाऱ्या पुंजाराम बाबांचा फोन चार दिवस मेलेला होता आणि तोडणीची माणसं पहाटेच येणार होती. "मी जातो," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही पण येते."

व्हॅन आप्पा चाळीसच्या पुढे कधी नेत नसत. त्या दिवशीही नेली नाही. आडगाव गेलं, ओझर आलं, डावीकडे वळलो, दोन्ही बाजूंनी बागा सुरू झाल्या. अंधार पडला होता. मी विचारलं, "आप्पा, तो म्हातारा शिव्या घालेल ना?" "घालंल. दोन घालंल, चार घालंल. ऐकून घ्यायच्या." "आणि मग?" "मग काय, घरी जाऊन जेव. तीन दिवस जेवली नाहीस तू. डब्याला पाय असते तर तो स्वतःच मना कडे तक्रार घेऊन आला असता." मी हसले. हसू आलं याचंच मला नवल वाटलं.

पुंजाराम बाबा ओट्यावर दिव्याखाली बसले होते. सत्तरीच्या आसपासचे, अंगात बंडी, डोक्याला टोपी. शेजारी उद्यासाठी धुऊन ठेवलेल्या क्रेट्सची थप्पी. त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी, पाणी आणलं. बाबांनी लगेच घड मागवला. आप्पांनी हात जोडले, "द्राक्षं नको बाबा. त्याचंच सांगायला आलोय. ही आमची इंजिनियर. ऐका हिचं."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, बाबा, तुम्हाला कागद आला ना, बाग काढणीस योग्य म्हणून, तो चुकीचा आहे. तुमची आठ तारखेची फवारणी संगणकाने धरलीच नाही. उद्या तोडू नका. सतरा दिवस थांबावं लागेल. आणि मग मी शिव्यांची वाट बघत उभी राहिले.

 म्हातारा म्हणाला, "काय म्हनली? आठ तारीख?"

"हो. आठ फेब्रुवारी."

"आठला म्या भुरीचं औषध मारलं व्हतं?"

"हो बाबा. तुमच्या डायरीत आहे."

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. घरात गेले आणि फवारणीची डायरी घेऊन आले. त्या पानावर पेनाने लिहिलेली एक ओळ होती आणि तिच्यावर तिरपी काट मारलेली होती. "कागद आला त्यावर लिवलं व्हतं, शेवटची फवारनी जानेवारीत," ते म्हणाले.  "म्या म्हनलं, आसं कसं? म्या तर परवाच मारलं. पन कंप्युटर चुकंल का? आपन अडानी. म्हनलं, आपुनच भलतं लिवलं आसंल. काट मारली. माझा बाप, त्याचं बी आसंच झालतं बघा. आधी दिवस इसरला, मंग पोरांची नावं, शेवटी तर हिरीची वाट इसरला, लोकं हाताला धरून आनायची. म्हनलं, आलं आपल्याला बी. पाच दिस झोप नाय. हिला बी नाय सांगितलं."

मैनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "दिसभर बोटं मोजीत बसायचं हे. ईचारलं तर अंगावर यायचं."

 तीन दिवस मी फक्त माझी नोकरी, माझी इज्जत, माझी भीती एवढंच मोजत होते. इथे एक माणूस माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसला होता, आणि ती त्याला माझ्यापेक्षा जड झाली होती. आप्पा बागेकडे तोंड करून उभे होते आणि चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"म्हंजी म्या नाय इसरलो?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. तुमचं बरोबर होतं."

"मंग चूक कोनाची?"

"माझी."

"तुझी? नक्की?"

"माझीच."

त्यांनी डायरी बायकोपुढे धरली. "मैने, ऐकलं का? म्या नाय इसरलो! ही म्हनती तिची चूक हाय." मग पुन्हा माझ्याकडे वळले. सतरा दिवसांचं काही विचारलं नाही, मालाचं काही विचारलं नाही. डोळे भरलेले होते आणि म्हातारा लहान मुलासारखा हसत होता. "पोरी, येकदा आजून सांग. हिला ऐकू कमी येतं. कोनाची चूक?"

जे तीन दिवस मला ऑफिसात एका आप्पांसमोरही म्हणता आलं नव्हतं, ते मी त्यांच्या अंगणात मोठ्याने म्हटलं. "माझी, बाबा. शंभर टक्के माझी."

त्यांनी अजून दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा सांगितलं.